बारा व्होल्टची सवत

३ मार्च

आज ह्यांनी माझा खायचा सोडा नेला. विचारलं नाही, सांगितलं नाही. डबाच उचलला, गरम पाण्यात निम्मा ओतला आणि बॅटरीला आंघोळ घालत बसले. तिच्या टोकांवर पांढरं-हिरवं काहीतरी फुललं होतं, ते म्हणे सोड्याने निघतं. दात घासायचा जुना ब्रश घेऊन इतक्या हळुवारपणे घासत होते, की मी भाजी ढवळायची थांबून बघत राहिले. माझ्या पाठीला मलम लावायला सांगितलं तर दोन बोटं फिरवून मोकळे होतात.

मुलीने ही वही दिली ती प्रवासवर्णन लिहायला. म्हणाली, आई, तू रोज नवं काहीतरी बघणार, लिहून ठेव. बघते काय, तर पलंगाखालचा खोका.

राहतं घर बंद करून आम्ही या घरगाडीत आलो, त्याला आता वर्ष होईल. शेगडी, फ्रिज, पलंग, मोरी, सगळं चाकांवर. हे आयुष्यभर बस चालवत होते. निवृत्त झाले तेव्हा म्हणाले, "आता एकच प्रवासी. तू." मी विरघळले. पलंगाखाली आणखी दोघीजणी येणार आहेत हे कोणी सांगितलं नव्हतं. दिवे, पंप, फ्रिज, सगळं त्या दोन बॅटऱ्यांवर. त्यांना पाणी हवं, तेही शुद्ध, बाटलीतलं. त्यांना फार गरम चालत नाही, फार रिकामं ठेवलेलं चालत नाही. एवढे लाड मी माझ्या बाळंतपणातही करून घेतले नाहीत. मी त्यांना सवत म्हणते. मोठी सवत आणि धाकटी सवत.

सध्या आम्ही घाटाच्या पायथ्याशी, गाड्यांच्या तळावर आहोत. घाटापलीकडे मुलगी. तिचं पहिलं बाळंतपण, महिनाअखेरीची तारीख. या आठवड्यात निघायचं ठरलं होतं. पण हे म्हणतात, दिवे मंद झालेत, बॅटरी बसत चाललीय, अशा गाडीने घाट चढायचा नाही.

मला तर दिवे छान दिसतात. शेगडीवरच्या दिव्यात मी सुईत दोरा ओवते. तसं म्हटलं तर म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं." बरं बाई, नाही कळत.

हे ही वही वाचतील अशी धास्ती नाही. हल्ली पेपरसुद्धा माझ्याकडून वाचून घेतात. म्हणतात, तुझ्या आवाजात बातम्या बऱ्या वाटतात. इतक्या वर्षांनी का होईना, आवाज आवडला.

४ मार्च

दिवसभर मीटर. लाल काडी इथे, काळी काडी तिथे. मला पलंगावर पालथं पाडून आकडा वाचायला लावला. "बारा पॉइंट सहा," मी म्हटलं.

"नीट बघ."

"बारा पॉइंट सहाच आहे. लग्नाच्या फलकावरच्या अक्षरांएवढे मोठे आकडे आहेत."

"शक्यच नाही. इतक्यावर दिवे असे पिवळट पडत नाहीत."

म्हणजे मीटर खोटा, मी खोटी, एकटी बॅटरी खरी. मग हे तिला पाणी पाजायला बसले. निम्मं तिच्या पोटात, निम्मं माझ्या चादरीवर. चादर उन्हात टाकावी लागणार आता. बसचा रेडिएटर एका हाताने भरणारा माणूस, एवढंसं भोक चुकतो? माझ्यावर राग काढत होते, दुसरं काय.

६ मार्च

आज कहर झाला. ह्यांनी धाकटी सवत काढून नवी आणली. जोडताना ठिणगी उडाली, फाटकन आवाज झाला आणि सगळी गाडी मेली. पंप बंद, फ्रिज बंद. लाल तार काळ्याच्या जागी, काळी लालच्या जागी. मी बाजूलाच उभी होते. मला लांबून दिसलं. पण मला त्यातलं कळत नाही ना, म्हणून गप्प राहिले. ठिणगी उडाल्यावर वाईट वाटलं.

हे बराच वेळ पलंगाच्या कडेवर बसून होते. मी म्हटलं, "हात भाजला का?" नाही म्हणाले. जेवले नाहीत.

तळाच्या फाटकाशी एक दुरुस्तीची शेड आहे. उद्या तिथला इलेक्ट्रिशियन येणार.

७ मार्च

इलेक्ट्रिशियन नव्हे. इलेक्ट्रिशियनबाई. पंचेचाळिशीची असेल, खिशाखिशाचा पायजमा, एका खिशातून निळी चिकटपट्टी डोकावतेय, केस वर बांधून त्यात टेस्टर खोवलेला. हसते ती अशी, की चार गाड्या सोडून कुत्रं भुंकतं. नाव सांगितलं तिने, मी लक्षात ठेवलं नाही. मी तिला बारा व्होल्ट म्हणते.

बारा व्होल्टने दोन फ्यूज बदलले, तारा नीट लावल्या, गाडी जिवंत केली. ते ठीक. पण ह्यांना म्हणते "सर". मला म्हणते "काकू". सर आणि काकू! म्हणजे सर तिच्या बरोबरीचे आणि मी सरांची काकू. हे तेवढ्यावरच फुलले. बसमध्ये सगळे ह्यांना "ओ ड्रायव्हर" म्हणायचे, आता सर म्हटल्यावर काय.

बॅटऱ्या तपासून म्हणाली, "सर, जुनीसुद्धा उत्तम होती. उगाच बदललीत."

हे म्हणाले, "मग दिवे मंद का आहेत?"

तिने दिव्याकडे पाहिलं. मग ह्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. एवढा वेळ परक्या बाईने परक्या पुरुषाकडे बघायची गरज नसते. मग म्हणाली, "उद्या परत येते. सगळी लाईन तपासावी लागेल."

दिवा लख्ख होता. मला दिसत होता, तिलाही दिसत होता. मग तपासायचं काय? मला तर वाटतं ह्यांना दुरुस्ती नकोच आहे. दुरुस्तीवाली हवी आहे.

९ मार्च

काल आणि आज दोन्ही दिवस बारा व्होल्ट इथेच. काल तिने सगळे बल्ब बदलले. हे म्हणाले, मंदच. आज छतावर चढून सोलरची काच पुसली. हे म्हणाले, फरक नाही. लबाड. नवा बल्ब माझ्या डोळ्यांत खुपतोय आणि हे म्हणतात फरक नाही.

दुपारी मी नळावरून कपडे धुऊन आले तर दोघं फ्यूजच्या पेटीपुढे गुडघ्यांवर. तिने ह्यांचं बोट धरलं होतं. नुसतं धरलं नव्हतं, बोट एकेका फ्यूजवर ठेवत होती. "हा पंप. हा फ्रिज. याच्या वरचा, खरखरीत लागतो ना, तो दिव्यांचा." आणि ह्यांचे डोळे मिटलेले! माझ्या हातातला पिळा तसाच राहिला. पाणी पायांवर गळत होतं.

मी खोकले. ती उठली, हे उठले. उठताना ह्यांचा खांदा कपाटाच्या दारावर आपटला. गडबडलेत, दुसरं काय. हल्ली सगळीकडे आपटतात. इथे आलो त्या दिवशी तळात शिरताना गाडीची बाजू फाटकाच्या खांबाला घासली. लक्ष ठिकाणावर असेल तर ना.

आणि मुख्य गोष्ट. जाताना ती पक्कड विसरली, तर हे मागून म्हणाले, "अगं, तुझी पक्कड."

अगं. तुझी. परवा "अहो बाई" होतं, काल "तुमची शिडी" होती, आज अगं. लग्नानंतर महिनाभर हे मला काहीच म्हणत नव्हते, नुसते "ऐकलं का" करायचे. मग एकदा पावसात छत्री उलटली तेव्हा पहिल्यांदा "अगं" म्हणाले आणि मी तो दिवस अजून विसरलेले नाही. ते अगं माझं आहे. पकडीपायी ते कोणाला वाटून टाकायचं नाही.

रात्रीचं जेवण मी मुद्दाम अळणी केलं. ह्यांनी मुकाट खाल्लं.

१२ मार्च

राग इतका आहे, की पेन कागदातून आरपार जातंय.

सकाळी हे दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार. हनुवटीच्या कडेला केस राहिले होते, मी सांगितलं नाही. "कुठे?" म्हटलं.

"गावात. एक भाग आणायचाय गाडीचा. ती नेतेय."

"भागाला शर्ट कशाला दाखवायचाय?"

हे शर्टाची बटणं चाचपत राहिले.

"मीही येते."

"तिच्या गाडीत दोनच सीट आहेत गं."

दोनच सीट. वा.

दुपार उलटून गेल्यावर आले. ती हाताला धरून उतरवत होती. आणि डोळ्यांवर काळा चष्मा! या वयात! मी दारातच उभी. म्हटलं, "सिनेमात काम मिळालं का?" म्हणे ऊन सहन होत नाही. जन्मभर भर उन्हात बस चालवली तेव्हा बरं सहन झालं.

चष्मा काढायला लावला. बाहुल्या एवढाल्या, काळ्याभोर, चकाकत्या. लग्न ठरलं तेव्हा हे माझ्याकडे असे बघायचे. माणूस प्रेमात पडला की डोळे असे होतात हे मला माहीत आहे, मी ते जवळून पाहिलंय. आज माझ्याकडे तोंड होतं, पण नजर माझ्यावर लागत नव्हती.

"भाग कुठे आहे?"

"मिळाला नाही," हे म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

मी बाहेर खुर्ची टाकून बसले. शेजारच्या गाडीतल्या म्हातारीने विचारलं, बरं नाही का? म्हटलं, बॅटरी उतरलीय.

१३ मार्च

मुलीचा फोन. पाय सुजलेत, डॉक्टर म्हणतात तारखेच्या आधीही होऊ शकतं. "आई, कधी येता?" आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

मी फोन ठेवला आणि ह्यांना सांगितलं, "उद्या सकाळी निघायचं. दिवे मंद असोत नाही तर विझोत. दिव्यांना घाट चढायचा नाहीये, इंजिनाला चढायचाय. आणि इथे कोणासाठी थांबायचं असेल तर तुम्ही थांबा, मी एसटीने जाते आणि परत या गाडीत पाय ठेवत नाही."

मला वाटलं भांडतील. भांडले नाहीत. "बरं," म्हणाले. "उद्या निघू." मग उठून बाहेर गेले आणि फाटकाच्या दिशेने चालू लागले. हात पुढे करून, हळूहळू, जसं काही जायला पाय तयार नव्हते.

निरोप घ्यायला गेले तिचा. घ्या.

१४ मार्च

गाडी सुरू झाली नाही.

मी पहाटेपासून डबे बांधून, कपाटांना दोऱ्या लावून तयार. हे स्टिअरिंगवर बसले. दोन्ही हात ठेवून समोर बघत बसले, किल्ली फिरवेनात. "फिरवा की," मी म्हटलं. फिरवली. टिक नाही की टुक नाही.

ह्यांनी श्वास सोडला. मी ऐकला तो श्वास. सुटल्याचा होता.

इंजिनाची बॅटरी वेगळी असते, पुढे बॉनेटखाली. वर्षभरात एवढं मलाही कळतं. हे चहा पीत होते तेव्हा मी बॉनेट उघडलं. काळी तार काढलेली. निसटलेली नव्हे, काढलेली. टोकाला निळी चिकटपट्टी गुंडाळून, घडी घालून बाजूला सारलेली. निळी पट्टी कोणाच्या खिशात असते ते मला ठाऊक आहे.

म्हणजे हिने माझा नवरा इथे बांधून ठेवलाय आणि माझी मुलगी तिकडे वाट बघतेय. मी तार जोडायला हात घातला, पण पाना सापडेना. आणि रडू यायला लागलं. आता शेडवरच जाते. वही ठेवते.

१४ मार्च, संध्याकाळ

हे सगळं मला एकदम लिहून काढलं पाहिजे.

शेडचं दार अर्धं उघडं होतं. चहा झाल्यावर हे माझ्या आधीच तिथे पोहोचले होते. आत खुर्चीवर बसलेले, मान मागे टाकलेली. आणि बारा व्होल्ट ह्यांच्या तोंडावर वाकलेली. एक हात ह्यांच्या कपाळावर.

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. माझ्या आईने ऐकलं असतं तर कानफटात दिली असती.

ती वळलीसुद्धा नाही. म्हणाली, "काकू, दार लोटून घ्या, उजेड येतोय. सर, हलू नका, दुसऱ्या डोळ्यात राहिलाय."

तिच्या हातात औषधाची छोटी बाटली होती. तिने थेंब टाकला, ह्यांच्या हातात स्वच्छ फडकं दिलं आणि बाहेर निघून गेली. जाताना म्हणाली, "आज सांगा, सर. नाहीतर मी सांगेन असं म्हटलं होतं मी."

मी उभीच. हे डोळे मिटून म्हणाले, "मला खरंच वाटलं गं, दिवेच मंद झालेत."

"मग?"

"मग तिने मीटर लावला, तारा बघितल्या, बल्ब बदलले. शेवटी मला बाहेर नेलं आणि विचारलं, सर, ऊन आहे की ढग आलेत? मी म्हटलं, ढग."

"आणि होतं काय?"

"ऊन."

परवा ती ह्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली होती. तिथे औषध घालून बाहुल्या मोठ्या केल्या, आत बघितलं. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. हा काचबिंदू. कडेची नजर गेलीय, समोरची राहिलीय. गेलेली परत येत नाही. राहिलेली औषधाने राहील, रोज घातलं तर. गाडी चालवायची नाही. आता नाही आणि पुढेही नाही.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला घर बंद करून या गाडीत मी आणलं. आता काय सांगू, ड्रायव्हर गेला म्हणून?" मग फडक्याची घडी करत म्हणाले, "तू मुलीसाठी घाट चढायचा म्हणालीस. तुला नाही म्हणता येईना. मी बसलो असतो गं चालवायला. म्हणून तिलाच म्हटलं, पुढची तार काढून ठेव. किल्ली फिरवली तरी सुरू होता कामा नये."

मी खाली बसले. शेडची जमीन ग्रीसने माखलेली, साडी गेलीच. काल मी हट्ट धरला, आज हे किल्ली फिरवायला बसले. वळणावळणाचा घाट, आणि कडेचं काही दिसत नाही. ती तार जोडलेली असती तर?

१६ मार्च

दोन दिवस कुढतेय. लोकांना वाटेल नवऱ्याच्या डोळ्यांपायी. तेही आहेच. मध्येच उठून बघते, हे झोपलेत ना.

पण खरं सांगायचं तर दुसरंही आहे. तिला आधी कळलं. मी एका ताटात जेवते, एका पलंगावर झोपते, ह्यांच्या पावलांवरून मूड ओळखते अशी माझी समजूत. आणि ती केसांत टेस्टर खोवून आली आणि दोन दिवसांत तिला दिसलं. हे जळणं डोळ्यांच्या दुःखापेक्षा लहान आहे, मला कळतंय. तरी जळतेय.

आज थेंब मी घातले. पहिला गालावर, दुसरा नाकावर. तिसरा गेला. हे म्हणाले, "तिचा हात हलका आहे." मी बाटलीचं झाकण असं काही घट्ट लावलं, की संध्याकाळी दोघांना मिळून उघडावं लागलं.

दुपारी ती आली. मला वाटलं ह्यांच्याकडे आली. नाही, माझ्याकडे. ओट्याला टेकून उभी राहिली. "काकू, माझ्याकडे मोठ्या गाडीचा परवाना आहे. घाट मी पार करून देते. येताना बसने येईन."

मी म्हटलं, नको, आम्ही बघू. ती म्हणाली, बरं. आणि उभीच राहिली. मी कांदा चिरत राहिले.

शेवटी विचारलं, "तुला कसं कळलं?"

"माझ्या वडिलांची नजर दिवे दुरुस्त करता करता गेली," ती म्हणाली. "वर्षभर. घरातले सगळे म्हणायचो, म्हातारा चक्रम झालाय. दवाखान्यात नेलं तेव्हा काही उरलं नव्हतं."

पहिल्यांदा ती हसत नव्हती. कांदा चांगला झणझणीत होता, दोघींनाही डोळे पुसायला बरं पडलं.

"ठीक आहे, चालव," मी म्हटलं. "पण एक. मला काकू म्हणायचं नाही. ताई म्हणायचं."

"आणि सरांना?"

"काका."

चार गाड्या सोडून कुत्रं भुंकलं.

१८ मार्च

मुलीच्या घरी पोहोचलो. ती बरी आहे, झोपलीय. पाय खरंच सुजलेत. बाळ अजून आत आहे. मुलीला ह्यांच्या डोळ्यांचं उद्या सांगू.

सकाळी बारा व्होल्टने निळी पट्टी सोडून तार जोडली. आता प्रश्न बसायचा. पुढे दोन सीट. शेजारची ह्यांना हवी होती, ड्रायव्हर माणूस, रस्त्याला तोंड करून बसायची सवय. मी म्हटलं, मुळीच नाही. मागे टेबलाशी बसा. हे बाकावर बसले, मी टेबलापलीकडे समोर, रस्त्याला पाठ करून. मला उलटं बसलं की मळमळतं, हे ह्यांना माहीत आहे.

गाडी तिने चांगली चालवली. खोटं कशाला लिहू. ह्यांनी डोळे मिटून इंजिन ऐकलं आणि दर वळणाला मान हलवली. बरोबर वेळेला गिअर बदलते म्हणाले. तेही मी ऐकून घेतलं.

अर्ध्या घाटात मी दोन्ही हातांच्या नळ्या करून डोळ्यांना लावल्या. डॉक्टरांनी ह्यांना सांगितलं होतं, नजर अशी नळीतून बघितल्यासारखी झालीय. खिडक्या गेल्या, ओटा गेला, मागचा पलंग गेला, कपाटं गेली. उरला फक्त ह्यांचा चेहरा, कान सोडून.

म्हणजे तिकडून ह्यांनाही तेवढंच. बारा व्होल्ट हसो, मागे वळून बोलो, केसांतला टेस्टर काढो, ती ह्यांना दिसायची नाही. जे काय दिसायचं ते मी. हे लक्षात आलं आणि मला आतून बरं वाटलं. नवऱ्याची नजर गेली आणि बायको खूश होतेय. लाज वाटली, पण बरं वाटलं ते वाटलंच.

मग रडू आलं. तोंड न हलवता रडत होते, तरी हे म्हणाले, "का रडतेस गं?"

"वळणं लागतायत."

"मग पुढे जाऊन बस ना तिच्या शेजारी. समोर बघितलंस की बरं वाटेल."

"नको," मी म्हटलं.

घाट उतरेपर्यंत मी जागची हलले नाही.